पंच म्हणेल ती पूर्व दिशा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरं आहेत. १९६० चं दशक संपत आलं होतं तेव्हा तिथली काही तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी जमून लढाया खेळत. टेबलावर नेपोलियनच्या काळातले इवलेसे सैनिक मांडायचे, फूटपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि किती पडले ते बघायचं. डेव्हिड वेस्ली हा त्यांच्यातलाच एक. त्याला एकदा वाटलं, लढाई तर नेहमीचीच. पण दोन फौजांच्या कात्रीत सापडलेल्या गावात आदल्या दिवशी काय चाललं असेल? त्याने ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव रचलं आणि जमलेल्यांना एकेक माणूस वाटून दिला. कोणी महापौर, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू, कोणी विद्यार्थी. प्रत्येकाचा डाव वेगळा.

बेत असा होता की एकेकाने वेस्लीकडे येऊन आपली चाल सांगायची. प्रत्यक्षात मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत उभी राहून कुजबुजायला लागली, एकमेकांना थापा मारायला लागली. तेवढ्यात दोघं येऊन म्हणाले, आमची जुंपलीय, आम्हाला द्वंद्वयुद्ध करायचंय. द्वंद्वयुद्धाचे नियम वेस्लीकडे नव्हतेच. त्याने तिथल्या तिथे काहीतरी ठरवलं, फासे टाकले आणि निकाल दिला. खेळ पार फसला अशी त्याची खात्री झाली होती. मंडळी मात्र पुढचा डाव कधी म्हणून मागे लागली.

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांचा इतिहास सांगताना लोक ड्रॅगन, जादूगार आणि वीस बाजूंचे फासे यांच्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती सगळी नंतरची सजावट. खरी नवलाई त्या दिवशी घडली. गड्याला नियमांत न बसणारं काहीतरी करावंसं वाटलं आणि पंच म्हणाला, बरं, करून तर बघ. पुढच्या पन्नासेक वर्षांत या खेळाच्या जेवढ्या तऱ्हा निघाल्या, जेवढी भांडणं झाली, त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: त्या पंचाच्या हातात किती सत्ता द्यायची?

प्रश्न तसा नवा नव्हता. प्रशियाच्या सैन्यात तो वेस्लीच्या शंभर-दीडशे वर्षं आधीच चघळून झाला होता. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला युद्धाचा एक राजेशाही पट करून दिला. तोफखान्यात असलेल्या राइसविट्झच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे रीतसर नियम छापले. ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ. खऱ्या नकाशावर दोन बाजू, दोन-दोन मिनिटांची एकेक खेळी, आणि मधे पंच. सेनापतींनी हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचे. शत्रूची फौज जेवढी दिसू शकेल तेवढीच पंच पटावर ठेवणार. नुकसान किती ते फासे आणि तक्ते ठरवणार. सेनाप्रमुख म्यूफलिंग यावर इतका खूश झाला की त्याने तो खेळ पलटणींना शिकवायचा हुकूम काढला. पण तक्ते वाढत गेले, डाव रेंगाळू लागले आणि अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये फेर्दी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने उपाय सुचवला तो असा की तक्ते बाजूला ठेवा, लढाया पाहिलेला अनुभवी अधिकारी पंच म्हणून बसवा, तो म्हणेल ती पूर्व दिशा. ‘मुक्त’ खेळ आणि ‘नियमबद्ध’ खेळ असे दोन तट तेव्हाच पडले. वेस्लीला मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात १८८० सालचं एक जुनं पुस्तक सापडलं होतं, अमेरिकन लष्करातल्या चार्ल्स टॉटनचं ‘स्ट्रॅटेगोस’. खेळाडूला हवं ते करू पाहता येतं, शक्य-अशक्य पंचाने ठरवायचं, ही कल्पना त्याने तिथून उचलली. प्रशियाच्या छावणीतला पंच असा पुस्तकातून अमेरिकेतल्या टेबलावर येऊन बसला.

वेस्लीच्या मित्रांपैकी डेव्ह आर्नेसन या प्रकारात सगळ्यांत तरबेज निघाला. त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. नंतरचा एक डाव लॅटिन अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशात रंगला होता आणि त्यात आर्नेसनच्या वाट्याला पत्रकं वाटणारा क्रांतिकारक आला होता. तो घरूनच सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून घेऊन आला, भल्याभल्यांना आपण गुप्तहेर असल्याचं पटवलं आणि शेवटी देशाचा खजिना घेऊन हेलिकॉप्टरने पसार झाला. एकही गोळी न झाडता.

वेस्लीला १९७० मध्ये लष्करी सेवेचं बोलावणं आलं आणि सूत्रं आर्नेसनकडे आली. त्याने गाव बदललं. नेपोलियन गेला, मध्ययुगीन सरदार आले. ब्लॅकमूर नावाचा किल्ला आला आणि किल्ल्याखाली मजल्यांमागून मजले खोल जाणारं भुयार आलं. भुताखेतांचे सिनेमे आणि कोनॅन या तलवारबहाद्दराच्या कथा यांचा तो भोक्ता होता. सुरुवातीला लढाईत एक फटका बसला की गडी मेला, असा साधा हिशेब होता. पण झालं असं की लोकांना आपापल्या माणसात जीव गुंतायला लागला. एका फाशात तो मरावा हे कोणाला पटेना. मग आर्नेसनने जहाजांच्या लढाईच्या नियमांतली एक युक्ती वापरली. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, ते किती मारा सोसेल याचा आकडा असतो. तसाच आकडा त्याने माणसांना दिला. आज जगातल्या कितीतरी व्हिडिओ गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात जी जीवनरेषा दिसते, तिचं कूळ हे.

तिकडे पाचेकशे किलोमीटरवर, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात गॅरी गायगॅक्स राहत होता. विमा कंपनीतली नोकरी गेलेली, घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवणारा आणि युद्धखेळांचं भयंकर वेड असलेला माणूस. त्याने जेफ पेरेनबरोबर १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं होतं. त्याच्या शेवटी जादूगार आणि ड्रॅगन यांच्यासाठी एक पुरवणी होती आणि आर्नेसन तीच वापरत होता. १९७२ च्या अखेरीस आर्नेसनने लेक जिनिव्हाला येऊन गायगॅक्सला ब्लॅकमूरच्या भुयारात उतरवलं. गायगॅक्सने लगेच आर्नेसनची टिपणं मागवून घेतली, वाढवली, आणि स्वतःचं ग्रेहॉक नावाचं भुयार खणून आपल्याच मुलांना त्यात पहिले गडी म्हणून सोडलं.

कोणी प्रकाशक हात लावेना तेव्हा गायगॅक्सने मित्र डॉन के याच्याबरोबर १९७३ मध्ये टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला: लाकडाच्या पोताचा कागद चिकटवलेली पेटी, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १०००. पेट्या हातानेच भरलेल्या. वर्षाच्या आत त्या संपल्या.

हा खेळ कधीच न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. तीन ते सहा माणसं टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक पंच, त्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. बळ, चपळाई, बुद्धी वगैरे आकडे फाशांनी ठरवून ते एका कागदावर मांडलेले असतात. पंच समोरचा प्रसंग सांगतो आणि विचारतो, काय करता? गडी सांगतात. जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकतात. जिंकणं-हरणं नाही, डाव महिनोन्‌महिने चालतो. तेव्हाचे फासे चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे. गणिताच्या वर्गात घनाकृती शिकवण्यासाठी मिळत, तिथूनच टीएसआरने ते घेतले. त्यांचं प्लास्टिक इतकं मऊ होतं की वर्षभरात कोपरे झिजून फासा गोटीसारखा घरंगळायचा. वीस बाजूंच्या फाशावर शून्य ते नऊ हे आकडे दोनदा असत, म्हणून निम्मे एका रंगाच्या खडूने रंगवायचे आणि ते पडले की दहा मिळवायचे. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा कंपनीने पेटीत आकडे छापलेल्या कागदी चिठ्ठ्या टाकल्या. पेल्यातून चिठ्ठी काढा आणि ड्रॅगन मारा.

त्या मूळ पुस्तिका वाचून खेळ कसा खेळायचा हे कोणालाही कळत नसे. लिखाण अर्धवट, वर ‘चेनमेल’ तुमच्याकडे आहेच असं गृहीत धरलेलं. हा दोष म्हणायचा तर म्हणा, पण मला तरी वाटतं की खेळ पसरला तो याच दोषामुळे. मेंढीकोटाचे नियम जसे घरागणिक बदलतात तसा हा खेळ गावागणिक बदलला. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी ‘वॉरलॉक’ नावाची आपली आवृत्ती केली. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेला नियम वाचून इतका वैताग आला की त्याने १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा स्वतःचाच खेळ काढला, साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा.

पहिल्या काळातल्या खेळाची चाल कशी होती हे समजून घ्यायचं तर तिथला एक बारीकसा नियम पाहावा. अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्यातून मिळत, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. राक्षस मारून मिळणारे गुण त्यामानाने किरकोळ. मशाल तासाभरात विझणार, आणि जितका वेळ भुयारात काढाल तितकी फिरती संकटं अंगावर यायची शक्यता वाढणार. म्हणजे शहाणपण कशात? लढाई टाळण्यात. चोरपावलांनी जा, लाच द्या, फसवा, पळा, पण सोनं बाहेर काढा. या खेळावर टोल्किनची छाप आहे असं सरसकट म्हणतात. हॉबिट होतेच; हक्कदारांनी दटावल्यावर त्यांचं ‘हाफलिंग’ झालं. पण गायगॅक्सची खरी आवड रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स यांच्या कथांकडे. तिथले नायक जग वाचवायला निघत नाहीत, पोटासाठी निघतात. जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो आणि एकदा म्हटला की विसरतो, ही गंमत थेट व्हान्सची.

संकटं तर वाट्टेल तिथून आली. लोखंड खाणारा गंजासुर आणि घुबडतोंडं अस्वल ही हाँगकाँगहून आलेल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांवरून सुचली. आपल्या ओळखीचा ‘राक्षस’सुद्धा १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आहे, वाघाचं डोकं, अंगात उंची झगा, हातात पाइप. आणि तो मरतो धर्मगुरूने मंत्रून दिलेल्या बाणाने! रामायणात असलं काही शोधायला जाऊ नये. गायगॅक्सने हा राक्षस घेतला तो ‘कोल्चॅक’ या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या १९७४ मधल्या एका भागावरून. भारतीय उपखंडाशी खरोखरचा संबंध असलेला माणूस वेगळाच होता. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचे प्राध्यापक. त्यांचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ १९७५ मध्ये आला. तेकुमेल नावाचं जग, त्याच्या स्वतःच्या भाषा, लिप्या, घराणी, देवळं. गडी परक्या मुलुखातून गलबताने आलेले अडाणी. चुकीच्या माणसाला चुकीचं संबोधन वापरलं तर सुळावर जाणार. खजिन्यापेक्षा रीतिरिवाज शिकणं जिकिरीचं. जग हेच मुख्य पात्र असलेली ही तऱ्हा पुढे ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरांथा जगात, म्हणजे १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये बहरली. (याच बार्करनी टोपणनावाने एक नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २०२२ मध्ये त्यांच्याच प्रतिष्ठानाने कबूल केलं. तेव्हापासून तेकुमेलचं नाव घेताना लोक जरा अडखळतात, आणि ते योग्यच आहे.)

दरम्यान पंचाची सत्ता कमी करायची पहिली मोठी खटपट खुद्द गायगॅक्सने केली. स्पर्धा भरायला लागल्या होत्या. १९७५ मध्ये ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे महाभयंकर भुयार स्पर्धेत उतरवलं गेलं. त्यातल्या हिरव्या सैतानी मुखवट्याच्या उघड्या तोंडात जो शिरला तो कायमचा गेला. अशा ठिकाणी प्रत्येक टेबलावर वेगळे नियम चालणार कसे? म्हणून १९७७ ते १९७९ या काळात ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीचे जाडजूड ग्रंथ निघाले. प्रत्येक प्रश्नाला तक्ता. १८२४ चा राइसविट्झ जणू परत आला. आर्नेसनला मात्र या ग्रंथांच्या मानधनातून वगळलं गेलं आणि त्याने १९७९ मध्ये दावा लावला. दोन वर्षांनी तडजोड झाली.

१९८० मध्ये ग्लेन ब्लॅको नावाच्या खेळाडूने एका मासिकात लेख लिहून खेळाडूंच्या चार तऱ्हा मांडल्या. आपलं पात्र बलाढ्य करण्यात रमणारे, डावपेचांत रमणारे, पात्राच्या कातडीत शिरणारे आणि गोष्ट घडवण्यात रमणारे. नंतर याहून काटेकोर वर्गीकरणं पुष्कळ झाली, पण टेबलावर बसल्यावर ओळख पटते ती याच चौघांची. एकाच टेबलावर चारही जण बसले की भांडण ठरलेलं.

गोष्टवाल्यांचा पहिला मोठा विजय म्हणजे १९८४ पासून निघालेली ‘ड्रॅगनलान्स’ मालिका. ट्रेसी हिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी महाकाव्य रचलं आणि मग त्याचे डाव पाडले. कादंबऱ्याही बरोबरीने निघाल्या. कथेला हवी असलेली पात्रं वेळेआधी मरू नयेत म्हणून नियमच केला, की त्यांचा मृत्यू असा घडवा की प्रेत सापडणार नाही. लोक भारावून गेले, आणि वैतागलेसुद्धा. गाडी ठरलेल्या रुळांवरूनच धावणार असेल तर आम्ही बसलोय कशाला, ही तक्रार आजही ‘रेलरोडिंग’ या नावाने ऐकू येते. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ने तर भुयारच बंद केलं. तिथे तुम्हीच रात्रीच्या शहरातले रक्तपिपासू आणि झगडा आपल्यातल्या उरल्यासुरल्या माणुसकीशी.

तऱ्हांमधला फरक सांगून कळत नाही, खेळ बघावा लागतो. समजा, एक दगडी बोळ आहे आणि मधे कुठेतरी खड्ड्याचा सापळा. जुन्या वळणाच्या टेबलावर संवाद असा चालतो:

“दहा फुटी काठी आपटत पुढे जातो.”

“चौथ्या फरशीवर आवाज पोकळ येतो.”

“थांब. पखालीतलं पाणी ओततो. मुरतंय का?”

“चारी कडांनी खाली झिरपतंय.”

“मग भिंतीला पाठ लावून, कडेकडेने.”

“पलीकडे पोचलास.”

एकही फासा पडला नाही. चातुर्य गड्याचं, पात्राचं नव्हे. आणि निकाल सर्वस्वी पंचाच्या तारतम्यावर. आता ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची २००० सालची तिसरी आवृत्ती घ्या. टीएसआर डबघाईला आल्यावर विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ मध्ये ती विकत घेतली आणि नियम मुळापासून बांधून काढले. तिथे चोराचं पात्र चालवणारी मुलगी म्हणते, “मी सापळा शोधते.” वीस बाजूंचा फासा तेरा, तिचं कसब सात, बेरीज वीस. पुस्तकात या खड्ड्याची अवघडता वीसच. सापडला! पंचाला मत विचारायचं कारणच नाही. इथे चातुर्य पात्राच्या कागदावर आहे. प्रत्यक्षात बुजरी असलेली मुलगीही इथे वाक्‌पटू राजदूत होऊ शकते, ही या पद्धतीची जमेची बाजू. मात्र कागदावर जे कसब लिहिलेलं नाही ते करून बघायचं लोकांना सुचेनासं होतं.

तिसरं टेबल व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’च्या वंशातलं. तिथे सहा बाजूंचे दोनच फासे. दहा किंवा जास्त पडले तर काम फत्ते. सहा किंवा कमी, तर पंच तुम्हाला गोत्यात आणणार. गंमत सात ते नऊच्या पट्ट्यात आहे. गडी बोळातून धूम ठोकतो, बेरीज आठ. पंच म्हणतो, “उडी जमली, पण एका हातात कंदील होता आणि दुसऱ्या हातात दोर. काठ धरायला एक हात मोकळा हवा. काय सोडतोस?” सापळा कुठे आहे, आहे की नाही, याला इथे फारसं महत्त्व नाही, पेच काय पडला याला आहे. आणि इथला पंच स्वतः फासा टाकतच नाही. त्याने काय बोलावं, कधी बोलावं, कोणत्या तत्त्वांना धरून बोलावं हे पुस्तकात लिहिलेलं आहे. गड्यांना नियम सगळ्यांनीच घातले होते, बेकरद्वयीने पंचालाही घातले.

गंमत म्हणजे याच सुमारास जुन्या वळणाचंही पुनरुज्जीवन सुरू झालं. २००८ मध्ये मॅट फिंचने एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ठणकावून सांगितलं की नियमपुस्तक मिटा, पंचाला न्याय करू द्या. फेर्दी द्यू व्हेर्न्वाला ती पटली असती. त्याच वर्षी गायगॅक्स गेला आणि पुढच्या वर्षी आर्नेसन.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती २०१४ ची. तिने सगळ्या तऱ्हांना थोडं थोडं खूश ठेवलं. २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात व्यावसायिक आवाज-अभिनेते तासन्‌तास खेळताना लोक इंटरनेटवर पाहू लागले. त्यातून एक पाचवी तऱ्हा रुळली: पात्राचा आवाज काढून, हुकमी रडून-हसून खेळणं. आपला घरचा पंच तसा का नाही म्हणून हिरमुसणारे नवखे खेळाडू आता जगभर आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की आर्नेसनने खजिना पळवला तेव्हा त्याने आवाज बदलला होता की नाही याची कोणी नोंदही ठेवलेली नाही.

आणि काहींनी पंचाचं पदच काढून टाकलं. जेसन मॉर्निंगस्टारच्या २००९ च्या ‘फियास्को’मध्ये तीन ते पाच गडी असतात आणि माणशी चार फासे, दोन रंगांचे. एका संध्याकाळीच डाव आटोपतो. पात्रांची हाव मोठी आणि अक्कल बेताची, त्यामुळे सगळं हमखास विस्कटतं. एखाद्या प्रसंगाचा शेवट गोड की कडू, हे त्या प्रसंगातला गडी ठरवतो किंवा भोवतीचे ठरवतात. तुम्ही प्रसंगाची सुरुवात ठरवलीत तर शेवट बाकीच्यांच्या हातात, आणि शेवट स्वतःकडे ठेवायचा तर सुरुवात त्यांना करू द्यायची. शॉन टॉमकिनचा ‘आयर्नस्वॉर्न’ २०१८ चा, फुकट मिळतो आणि एकट्यानेही खेळता येतो: दाराआड काय आहे हे तक्त्याला विचारायचं, फासे टाकायचे आणि जे उत्तर येईल त्याचा अर्थ आपणच लावायचा. चौघं जमायची मारामार असलेल्या नोकरदारांना सुरुवात करायला हा बरा. भुयारात उतरायचंच असेल तर मात्र मी अजूनही म्हणेन, एक काठी, दोन मशाली आणि एक बरा पंच शोधा.